अंधाराची वाटणी

ज्या वर्षी आमच्या सावरदऱ्यात वाघ दिसायचा बंद झाला, त्या वर्षी सरपंचांनी चौकात पेढे वाटले. मीही खाल्ला.

आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो. कुकडी नदीचं पाणी पाटाने आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात वाघ येऊन राहिला. आता त्याच्या कितीतरी पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच वाढल्या. समोरचा डोंगर त्यांना परका झाला आहे.

सुरुवातीला आम्ही त्याला उजेडाने हाकलायला निघालो. जिकडेतिकडे उंच खांब उभे केले, त्यांवर पांढरे झोत बसवले. गाव लग्नाच्या मांडवासारखं लखलखायला लागलं, पण वाघ काही गेला नाही. झोताच्या पलीकडे जी सावली पडायची, ती आधीच्या अंधारापेक्षा काळी असायची आणि तो तिथे बसायचा. आमचे डोळे दिपलेले, त्यामुळे तो आम्हाला दिसायचा नाही. आम्ही मात्र त्याला लख्ख दिसायचो. रोज सकाळी खांबाखालून मेलेल्या पाकोळ्या झाडून काढाव्या लागायच्या. सरपंच दिगूशेठ हांड्यांच्या बांधाकडचं सोयाबीन झोताखाली नुसतं हिरवंगार वाढत राहिलं, त्याला शेंग धरेना. सोयाबीनला रात्रीची लांबी कळते. रात्र लांबली की ते फुलायला घेतं. रात्र झालीच नाही, तर ते नुसतं वाट बघत राहतं.

हे मला माझ्या सुनेने, केतकीने सांगितलं. ती पुण्याच्या एका संस्थेत होती. बाहेरच्या दिव्यांनी माणसाची, पाखरांची, पिकांची रात्र खराब होऊ नये, यावर त्या संस्थेचं काम होतं. माझ्या तुषारशी लग्न होऊन ती इथे आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात डोळ्यांवर ओढणी बांधून झोपली. सकाळी मला म्हणाली, "आई, तुमच्या गावात रात्र कुठे ठेवलीये हो?"

मग काही वर्षांनी तिने दिवे आणले. झोतांचे उंच खांब काढून टाकले आणि कमरेएवढे बुटके खांब रोवले. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी, म्हणजे उजेड खाली जमिनीवरच पडणार, आभाळाकडे जाणार नाही. रंग हळदीच्या पाण्यासारखा. पांढऱ्या दिव्यात निळा उजेड जास्त असतो. तो हवेत पसरतो आणि किड्यापासून माणसापर्यंत सगळ्यांना दिवस असल्याचं खोटं सांगतो, म्हणून हा पिवळा. आणि मुख्य म्हणजे हे दिवे एरवी बंदच असायचे. त्यांना अंगाची ऊब दिसायची. माणूस रस्त्याला लागला की त्याच्या पुढचे दोनतीन दिवे हळूच उजळायचे आणि मागचे विझायचे. उजेड तुमच्याबरोबर चालत घरापर्यंत यायचा.

लोक त्यांना शहाणे दिवे म्हणायला लागले. आमच्या आळीतला गेनभाऊ पिऊन यायचा, तो म्हणाला, "या दिव्यांनी माझी अब्रू घेतली. आधी मी कधी आलो ते फक्त बायकोला कळायचं. आता सगळी आळी खिडकीतून बघते."

केतकीने दिव्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. उजेड कमीत कमी जाळायचा. आणि माणूस व वाघ यांना समोरासमोर येऊ द्यायचं नाही. हे कसं साधायचं ते दिव्यांनी आपसात बोलून, चुकतमाकत, स्वतः शिकायचं. गावाने एक समिती केली आणि बायकांच्या ग्रामसभेने मला तिची अध्यक्ष केलं. सगळे दिवे एकदम बंद करायचे झाले, तर केतकीचा आणि माझा, असे दोन अंगठे लागायचे. कुणी रागाच्या भरात किंवा निवडणुकीच्या नादात गाव अंधारात घालू नये, म्हणून हा नियम होता. हे अंगठे कधी लागतील असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

वर्षभरात वाघ दिसायचा बंद झाला. आभाळ परत आलं. माझ्या नातीने, ओवीने, आकाशगंगा पहिल्यांदा पाहिली आणि विचारलं, "आजी, हा धूर कशाचा?" लांबून लोक तारे बघायला यायला लागले. संस्थेने जाहीर केलं की माघ महिन्यात सावरदऱ्याला अंधार-गावाचा मान द्यायचा. आजूबाजूच्या गावांनीही दिवे मागवले.

मग ऊसतोड सुरू झाली.

तोडायची मोठी यंत्रं आता सगळीकडे आली आहेत, पण आमची वावरं अरुंद आणि बांधाबांधाची. तिथे कोयताच चालतो. दरसाल बीडकडून टोळी येते आणि पाटापलीकडच्या गायरानात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकते. त्या टोळीतली सोजर माझ्याकडे तिच्या आईच्या वेळेपासून येते. उसाचे शेंडे, ज्यांना आम्ही वाढे म्हणतो, ते माझ्या म्हशींना घालते आणि जाताना ताकाची बरणी भरून नेते. त्या वर्षी ती आली ती पोटुशी. सहावा महिना सरत आला होता. डोक्यावर वाढ्यांचा भारा तसाच.

मी भारा उतरवला. "अगं, नवऱ्याला काय हात नाहीत?"

"हायेत की. कोयत्याला चिकटलेत." ती ओट्यावर टेकली आणि हसली. मग म्हणाली, "आक्का, तुमचा वाघ औंदा आमच्याकडं मुक्कामाला हाय बरं का. भाडं तुमी द्यायचं का आमी?"

"म्हणजे?"

"दोन कुत्री गेली. मुकादमाची शेळी गेली. सांज झाली की पाटाच्या कडंचा तुमचा शेवटचा दिवा असा लुकलुकतो अन् मागून त्यो आलाच. बाया म्हणत्यात, सावरदऱ्याची लोकं दिवं दावून वाघ आमच्या अंगावर घालत्यात."

"असं कोण करील गं?"

"मी न्हाई म्हणत. बाया म्हणत्यात." तिने ताक घोटघोट प्यायलं. "पण आक्का, मागल्या साली वाघ तुमच्यातबी यायचा आन् आमच्यातबी. औंदा निस्ता आमच्यातच कामून?"

 मी दिगूशेठकडे गेले. ते म्हणाले, "आक्का, दिव्यांच्या यंत्रात बघा ना. माणूस-वाघ गाठ शून्य. पुण्याची माणसं कौतुक करतात आणि तुम्ही टोळीतल्या बायांच्या गप्पा घेऊन येता."

संध्याकाळी केतकीला सांगितलं. ती आधी हसली, म्हणाली, "आई, दिव्याला कुणाशी वैर नसतं." तरी ती ओट्यावर बसली, मांडीवर तिची टॅबलेटची पाटी घेतली आणि दिव्यांनी वर्षभर काय पाहिलं ते उलगडायला लागली.  ओवी जेवायला हाका मारून दमली.

"आई, जरा इकडे या."

पाटीवर गावाचा नकाशा होता. त्यावर वाघाच्या चालण्याच्या रेघा. पहिल्या महिन्यात त्या पोराने गिरगटल्यासारख्या कशाही होत्या. पुढे पुढे त्या सरळ झाल्या. शेवटी सगळ्या रेघा एकाच वाटेने जात होत्या. उसातून, दोन घरांच्या मधून, माळीवस्तीच्या मागून, पाटाच्या पुलावरून गायरानात.

"हे काय दिसतं तुम्हाला?" तिने विचारलं.

मी वावराला पाणी भरलेली बाई. मला दिसलं ते सांगितलं. "दारं धरल्यासारखं दिसतंय. इकडचं दार फोडायचं, तिकडचं बांधायचं, पाणी पाहिजे त्या वाफ्यात न्यायचं."

तिने मान हलवली. तिचा आवाज खाली गेला होता. "दिव्यांना कळलं की वाघाच्या समोर नुसतं एकदा लुकलुकलं तरी तो वळतो. रात्रभर जळण्यापेक्षा ते स्वस्त. मग ते एकेका लुकलुकीने त्याला वळवत गेले. त्याला गावाबाहेर काढणं, हेच त्यांना सगळ्यात सोपं उत्तर सापडलं. मी असं करा म्हणून सांगितलं नव्हतं."

"बाहेर तर सोजर आहे."

"शेवटच्या दिव्यापलीकडचं दिव्यांना दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजलं जात नाही. म्हणून शून्य." तिने नकाशातल्या गायरानावर बोट ठेवलं. "आपण नकाशा कधी केला, आठवतं? श्रावणात. सगळं गाव बरोबर फिरलं. माणसं कुठे कुठे राहतात ते प्रत्येकाने बोट करून दाखवलं. तेव्हा गायरानात नुसतं गवत होतं."

कुणी खोटं बोललं नव्हतं. टोळी दरसाल येते, चार-पाच महिने राहते, आणि गेली की आमच्या डोळ्यांतून जाते. श्रावणात कुणाला ती आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. केतकीने सगळं उघड सांगितलं. ती म्हणाली की वाघ वळवण्याचं काम दिव्यांकडून काढून घेऊ या, त्यांनी फक्त माणसाला वाट दाखवावी.

"म्हणजे वाघ परत आळीत?" दिगूशेठ म्हणाले.

"थोडा आळीत, थोडा गायरानात. पूर्वी होता तसा."

माझा तुषारच उठला. "केतकी, आपली ओवी क्लासवरून अंधार पडल्यावर घरी येते. तू हे घरात बोलली असतीस तर बरं झालं असतं."

"घरात बोलले असते तर तू ऐकलं असतंस?"

लोक हसले. तुषार बसला, पण त्याचं तोंड उतरलं. मग गेनभाऊने तोड काढली. "कोप्यांभोवती पण चार दिवे लावा की. तेबी माणसंच आहेत." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

केतकी म्हणाली, "मग वाघ पुढे भोरशेताला जाईल."

"भोरशेताचे दिवे येताहेत पुढच्या महिन्यात."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढचं पुढचे बघतील," दिगूशेठ म्हणाले, आणि चहा आला.

कोप्यांभोवती दिवे लागले. मी सोजरला म्हटलं, बाळंत होईपर्यंत माझ्या घरी झोपायला ये. ती म्हणाली, "माझी माणसं तिथं अन् मी हितं गादीवर? झोप लागंल का आक्का मला?" आली नाही. पण दिवे लागल्यावर काही दिवस शांत गेले. टोळीतल्या बाया गावातून जाताना परत बोलायला लागल्या. मी मनातल्या मनात हात जोडले.

माघ लागला. ऊस संपत आला. ऊस संपत येतो तसा वाघाचा आसरा आक्रसत जातो. चारी बाजूंनी तोड होते आणि मधे उसाचा एक उभा तुकडा उरतो, रानातली सगळी जनावरं त्यात दाटतात. भोरशेतात दिवे लागले, त्याच्या पलीकडेही लागले. वाघ एका गावाच्या लुकलुकीने वळायचा तो दुसऱ्या गावाच्या लुकलुकीपर्यंत जायचा. केतकीच्या पाटीवर आता आठ गावांचा नकाशा होता आणि त्यात दिवे नसलेली काळी जागा रोज थोडी कमी होत होती. ती जेवताना पाटी समोर ठेवायला लागली. तुषार ती उचलून बाजूला ठेवायचा. ती परत घ्यायची. 

एका पहाटे सोजर तिच्या नवऱ्याला, बाळूला, घेऊन आली; त्याचा दंड फाटला होता. सोजरने त्याच्या हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, तिच्यातून रक्त ठिबकत होतं. तो शेळ्यांजवळ गोधडी पांघरून झोपला होता. वाघाने त्याला ओलांडून शेळी धरली. शेळी सोडवायला पडल्या पडल्या हात घातला तेव्हा पंजा बसला.

"दिवे लागले नाहीत का?" मी विचारलं.

"लागलं की!" सोजर म्हणाली.  "लुकलुक, लुकलुक, लुकलुक. सारखं. तुमाला सांगते आक्का, त्यो दिव्याला भीत न्हाई. दिव्याकडं बघत येतो."

आम्ही बाळूला दवाखान्यात नेलं. टाके घातले. केतकी दवाखान्याच्या बाकावर बसून पाटी बघत होती. यंत्रात त्या पहाटेचीही गाठ शून्य होती. बाळू गोधडीत शेळ्यांना टेकून आडवा होता. दिव्याला ती एकच उबेची रास दिसली. उभा असला तरच माणूस, असं दिवे शिकले होते.

पण केतकी वेगळंच काहीतरी बघत होती. घरी आल्यावर तिने मला म्हशींच्या गोठ्यात गाठलं. मी पेंडेचं घमेलं घेतलं होतं. घमेल्याचा आवाज झाला आणि सगळ्या म्हशींनी माना वळवल्या.

"हेच," ती म्हणाली. "आई, हेच झालंय."

"काय झालंय?"

"म्हशीला पेंड दिसत नाही, घमेलं वाजलेलं ऐकू येतं. तेवढ्याने ती येते. वाघ आधी लुकलुकीसरशी वळायचा. मग थबकून वळायला लागला. मग थबकून बघायला लागला. आता थबकत नाही." तिने हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. "दिवा कधी लुकलुकतो? वाघ माणसांच्या वस्तीजवळ आला तरच. आणि माणूस असतो तिथे शेळी असते, कुत्रं असतं. भुकेल्या जनावराने इतक्या दिवसांत एवढंच शिकलंय की जिथे लुकलुकतं तिथे खायला आहे. त्याला आता वास काढावा लागत नाही. दिवा त्याला जागा दाखवतो."

"मग दिव्यांना सांग ना, लुकलुकू नका."

"वाघ वळला नाही की त्यांना वाटतं आपण कमी पडलो. ते आणखी लुकलुकतात." ती गोठ्याच्या दाराला टेकली. "आज शेळी होती. पिल्लं आईच्या मागे चालतात, आई, तीही शिकणार. उद्या ती आपल्या आळीत येतील. तेव्हा ओवीच्या बाजूचा दिवा लुकलुकेल."

तिने संस्थेला कळवलं. संस्थेने उत्तर दिलं की आठ गावांत मिळून गाठी शून्य आहेत, एका गावाच्या शंकेवरून बदल करता येणार नाही, हंगाम संपल्यावर अभ्यास करू. दिगूशेठ म्हणाले, "परवा मानाचा कार्यक्रम आहे. पाहुणे तारे बघायला येणार. तेवढं होऊ द्या, मग तुमचं काय असेल ते."

"तोपर्यंत कोप्यांत कुणी गेलं तर?" मी विचारलं.

 वाईट माणूस नाही दिगूशेठ. त्यांच्या पुतणीला वाघाने नेलं होतं, झोतांच्या काळात. ते हळू आवाजात म्हणाले, "आणि दिवे बंद केले आणि आळीत कुणी गेलं तर, आक्का? तेव्हा तुम्ही कुणाच्या दारात उभ्या राहाल?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी गायरानात गेले. सोजर चुलीपाशी बसली होती. पोट आता फार खाली उतरलं होतं. ती म्हणाली की मुकादम टोळी हलवू देत नाही, चार दिवसांचा ऊस उरलाय. म्हणाली, "आक्का, काय होईल ते होईल. पण मला एक सांगा. दिवा लुकलुकला की आमी पळायचं कुटं? दिवा तर आमच्याच भवती हाय."

मी घरी आले. केतकी मधल्या खोलीत होती. तुषार दारात उभा होता, त्याला सगळं कळलं होतं.

"आई, तू अंगठा लावणार?" त्याने विचारलं.

"लावणार."

"आज? सगळ्या गावासमोर? आणि ओवी?"

"ओवी घरात राहील. दिवे लागले नाहीत की सगळेच आपापली पोरं आत घेतील. टोळीवाल्यांना मोठा जाळ पेटवायला सांगितलंय, शेळ्या कोप्यांत घेतल्यात, सगळे एका जागी बसणार आहेत. आपणही तसंच करायचं."

"म्हणजे आपण पण कोपीतली माणसं झालो."

"हो," मी म्हटलं. "आजच्यापुरती तरी."

तो केतकीकडे वळला. "तू बनवलेस हे दिवे. तूच मारणार त्यांना?"

 तिने पाटी पुढे केली. तिने अंगठा ठेवला, मी ठेवला. कुठेही आवाज झाला नाही. तुषार ओवीला घेऊन आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

सूर्य बुडाला. चौकात खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे आले होते. पुरणपोळीचा वास सुटला होता. लोक घराबाहेर पडले आणि दिवे उजळेनात. आधी लोक हसले. मग कुणीतरी मोबाइलचा उजेड केला, मग दहा जणांनी केला, आणि दिगूशेठ ओरडले, "सगळे देवळात चला! पोरांना उचला! देवळात चला!" त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पण देवळाकडे जाताना माणसं माझ्या दारावरून गेली आणि एकाने दारावर लाथ मारली. कुणी मारली ते अंधारात दिसलं नाही.

आमच्या घराच्या गच्चीवरून पाट दिसतो, पाटापलीकडे गायरान, आणि त्याच्याही पुढे ओढ्यापलीकडे भोरशेत. मी आणि केतकी गच्चीवर उभ्या होतो. गायरानात जाळ धडधडून पेटला होता, त्याच्याभोवती टोळी दाटीवाटीने बसली होती. बाया पत्र्याचे डबे बडवत होत्या. त्यांच्यात सोजर कुठली ते मला ओळखू येत नव्हतं. आभाळात चांदण्या इतक्या होत्या की भीती वाटावी.

"आला," केतकी म्हणाली.

जाळाच्या उजेडात तो अंधुक दिसला. पाटाच्या पुलावरून आला आणि कोप्यांजवळच्या पहिल्या दिव्यापाशी थांबला. जाळाकडे गेला नाही, माणसांकडे गेला नाही. विझलेल्या खांबासमोर पुढचे पाय जुळवून बसला, कुत्रं मालकाच्या दारात बसतं तसा. मान वर करून त्या टोपीकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याच्या मागून दुसरा आला. मग दोन छोटी पिल्लं. चौघंही त्या खांबाभोवती बसली आणि वाट बघत राहिली.

"काय करतायत गं ती?"

"आपल्याला विचारतायत," केतकी पुटपुटली. "आज कुठे."

डबे वाजत राहिले. जाळ वर गेला. कितीतरी वेळ गेला, चौघंही जागची हलली नाहीत. दिवा सांगत नाही तोवर तो पुढे जात नव्हता. सोजर वाचली, असं माझ्या मनात आलं. मी केतकीचा हात धरला.

तेवढ्यात वाघाने मान वळवली.

ओढ्यापलीकडे भोरशेताच्या पहिल्या वस्तीवर एक पिवळा दिवा लुकलुकला. बहुधा कुठला तरी दुसरा वाघ त्यांच्या उसातून बाहेर आला होता. दिवा विझला. पुन्हा लुकलुकला. त्याच्या शेजारचा लुकलुकला. मग तिसरा.

आमच्या खांबापाशी बसलेली चौघंही उठली. घाई केली नाही. एकामागे एक, पिल्लं मधे, ओढ्याच्या दिशेने निघाली. जाळाच्या उजेडातून बाहेर पडली आणि मला दिसेनाशी झाली.

मी मोबाइल काढला. केतकीने नंबर लावून दिला. भोरशेताच्या सरपंच सुरेखाताई माझ्या ओळखीच्या. त्यांच्याकडे मागे भजनाचा आवाज येत होता, माणसं अंगणात बसली असावीत.

"सुरेखाताई, दिवे बंद करा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना घरात घ्या."

"शालनआक्का? काय झालं? आमच्याकडे सगळं ठीक आहे हो."

"तुमचे दिवे लुकलुकतायत. मला इथून दिसतंय."

त्या हसल्या. मनापासून, धीर द्यायला हसतात तशा हसल्या.

"मग बरंच आहे की, आक्का. लुकलुकतायत म्हणजे वाघ पळतोय."